निवासी प्रकल्पाचे पर्यावरणीय आघात मूल्यमापन: भूखंडाच्या पहिल्या पाहणीपासून सोसायटीकडे हस्तांतरणापर्यंत

बहुतेक निवासी प्रकल्पांत पर्यावरण सल्लागाराला बोलावले जाते, तेव्हा वास्तुविशारदाचा आराखडा पक्का झालेला असतो, तळघरे किती हे ठरलेले असते आणि ओढ्याच्या काठाने जाणारा अंतर्गत रस्ताही नकाशावर रेखला गेलेला असतो. त्यानंतर मूल्यमापन म्हणून जे काही होते, ते आधीच घेतलेल्या निर्णयांना आकडेवारीची जोड देण्यापुरते उरते. मूल्यमापनाने नकाशात एकही रेघ हलली नसेल, तर ते काम झालेच नाही, असे मी मानतो. पुढील सर्व टप्पे याच क्रमाने मांडले आहेत: आधी जमीन आणि पाणी समजून घ्यायचे, मग आराखडा काढायचा, आणि शेवटी अर्ज भरायचा.

समजुतीसाठी एक कल्पित भूखंड डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याच्या पश्चिमेला, महानगरपालिका हद्दीच्या कडेला चार हेक्टर जमीन आहे. तिच्या एका बाजूला टेकडीचा उतार, दुसऱ्या बाजूने पावसाळ्यात वाहणारा ओढा, आणि विकासकाच्या मनात ६०० सदनिका, दोन तळघरे व सुमारे १,१०,००० चौरस मीटर बांधकाम आहे. पुढची सारी आकडेमोड याच भूखंडाची आहे.

प्रकल्प कोणत्या गटात बसतो

ठरावीक प्रकल्पांना काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यायला लावणारी केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना हा या विषयाचा पाया आहे. ती पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली निघाली असून तिच्या परिशिष्टातील आठवी नोंद इमारतींची आहे. २०,००० चौरस मीटर किंवा अधिक, पण १,५०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असलेला प्रकल्प ८(अ) मध्ये बसतो. बांधकाम १,५०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक असेल, किंवा क्षेत्र ५० हेक्टर वा त्याहून अधिक असेल, तर तो ८(ब) मध्ये जातो. ८(अ) मधील प्रकल्पाला नमुना १, नमुना १-अ (हे दोन ठरीव अर्ज) आणि संकल्पना आराखडा एवढ्यावर अर्ज करता येतो. ८(ब) साठी आधी कार्यकक्षा, म्हणजे अहवालात काय काय तपासायचे हे ठरवणारी, जिला सगळे ‘टीओआर’ म्हणतात ती यादी, मिळवावी लागते आणि त्यानुसार संपूर्ण अहवाल तयार करावा लागतो. आठव्या नोंदीतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. ही सूट कायद्याची आहे, आणि म्हणून शेजाऱ्यांशी बोलायचेच नाही असा तिचा अर्थ लावू नये. विहिरीचे पाणी कधी आटते आणि ओढ्याला पूर कुठवर येतो, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

सर्वांत मोठी चूक बांधकाम क्षेत्र मोजताना होते. पर्यावरण मंजुरीसाठीचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र निर्देशांकात (एफएसआय) मोजले जाणारे क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ च्या सुधारणेनुसार सर्व मजल्यांचे आच्छादित क्षेत्र, तळघर आणि सेवाक्षेत्रे धरूनच बेरीज करायची असते. त्यात पोडियमवरचे, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या उंच चौथऱ्यावरचे, वाहनतळ, जिने, लिफ्टची मोकळी जागा, आगीच्या वेळी थांबण्याचे आश्रय मजले असे सगळे आले. पुण्यातील एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हाच अर्थ कायम केला आणि मंजुरीपेक्षा जास्त बांधकाम केल्याबद्दल १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरण्याचा आदेश दिला. त्यामुळे पहिल्याच दिवशी वास्तुविशारदाकडून मजलानिहाय क्षेत्राचा तक्ता सहीनिशी घ्यावा आणि भविष्यातील टप्पेही त्यात धरावेत. एकच भूखंड दोन-तीन नावांनी तोडून प्रत्येक तुकडा २०,००० च्या खाली दाखवणे ही पळवाट आहे. ती पुढे घर घेणाऱ्यांच्याच अंगाशी येते.

मंजुरीआधी काम सुरू करू नये. कार्योत्तर मंजुरीची वाट सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ च्या निकालाने बंद केली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल बहुमताने मागे घेतला. या उलटसुलट प्रवासाकडे पाहून कोणी ‘नंतर बघू’ म्हणत असेल, तर त्याने प्रकल्प कर्जावर उभा आहे आणि खरेदीदारांचे हप्ते सुरू आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

कागद आणि पायपीट

पहिल्या आठवड्यात दोन कामे बरोबरीने करावीत. कागदांमध्ये सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखला, विकास आराखड्याचा उतारा आणि समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा हवा. एक मीटर अंतराच्या समोच्च रेषा पुरतात, मात्र ओढ्यालगत अर्ध्या मीटरच्या घ्याव्यात. पाटबंधारे खात्याने नदी-नाल्यांच्या पूररेषा आखलेल्या असतील तर त्या याच नकाशावर उमटवाव्यात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पूररेषा आखलेली नसलेला ओढा म्हणजे पूर न येणारा ओढा नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जे केले, त्यानंतर तरी कोणत्याही सल्लागाराने ‘लहान नाला’ असे लिहून पुढे जाऊ नये. अशा ओढ्यासाठी पाणलोट क्षेत्र मोजून आपणच पूरपातळी काढावी लागते.

नमुना १ मध्ये १५ किलोमीटर परिघातील संवेदनशील ठिकाणे विचारली जातात: अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, पाणथळ जागा, वारसास्थळे, रुग्णालये, शाळा. मुंबई-ठाण्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०१९ ची सागरी किनारा नियमन अधिसूचना यांपैकी काय लागू होते, हे इथेच तपासावे. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी आणि डहाणू येथे तर स्वतंत्र अधिसूचना आहेत. यातली एखादी बाब पुढे अर्ज तपासणाऱ्या समितीसमोर उघड झाली, तर वर्षभराचे काम परत फिरते.

दुसरे काम पायी फिरण्याचे. भूखंडाची हद्द पूर्ण चालावी आणि ती शक्यतो दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जोराच्या पावसानंतर. पाणी कुठून आत येते, कुठे साचते आणि कुठून बाहेर जाते, हे खुणा करून नोंदवावे. टेकडीचा उतार एक-पाचपेक्षा (पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ) तीव्र असेल तर तिथे बांधकामाला परवानगी नाही. पण त्याहून सौम्य उतारही पायथ्याशी खोदला की सरकू शकतो. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ला कोसळली. उतारावरचे पाणी आणि माती यांचे गणित बिघडले तर काय होते, याचे ते महाराष्ट्रातले सर्वांत दुःखद उदाहरण आहे.

या फेरीनंतर वास्तुविशारदासोबत बसून एक ‘हात न लावण्याचा नकाशा’ तयार करावा. ओढा आणि त्याचा काठ, तीव्र उतार, जुनी झाडे, विहीर, पाणी मुरणारी सखल जागा या सगळ्यांवर रंग भरावा आणि इमारती उरलेल्या जागेत बसवाव्यात. आपल्या भूखंडात ओढ्यालगतचा रस्ता अशा बैठकीत आत सरकतो, आणि तो सरकायलाच हवा.

मूळ स्थितीची नोंद

प्रकल्प येण्याआधी हवा, पाणी, माती, आवाज आणि जीवसृष्टी कशी होती, याची नोंद म्हणजे पुढच्या सर्व तुलनेची मोजपट्टी. ८(ब) साठी पावसाळा सोडून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची मोजणी लागते. ८(अ) मध्ये तेवढी सक्ती नसली, तरी एक संपूर्ण हंगाम मोजावा असा माझा आग्रह राहील, कारण दोन दिवसांच्या नमुन्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

हवेची केंद्रे वाऱ्याच्या दिशेनुसार निवडावीत: एक भूखंडावर, एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला, एक-दोन खालच्या बाजूला आणि एक जवळच्या वस्तीत किंवा शाळेपाशी. आठवड्यातून दोनदा, २४ तासांचे नमुने बारा आठवडे घेतले की प्रत्येक केंद्राचे २४ आकडे हाती येतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत पीएम १० आणि पीएम २.५ या हवेतील सूक्ष्म धूलिकणांसाठी अनुक्रमे १०० आणि ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. मूळ स्थितीतच आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो लपवू नये. उलट तोच आकडा धूळनियंत्रणाची तरतूद वाढवण्याचा सर्वांत भक्कम आधार असतो. आवाजासाठी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. २४ तासांची सलग मोजणी घ्यावी आणि वेळेची नोंद ठेवावी.

एक किलोमीटर परिघातील विहिरी आणि बोअरची यादी करून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी मोजावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण तळघराचा सारा निर्णय त्यावर अवलंबून असतो. खडकाच्या थरांसाठी बांधकामाच्या पायासाठी घेतलेल्या बोअरचे अहवालच वापरता येतात, फक्त ते भूजलतज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्यावेत. पायाचा अभियंता खडकाचे बळ पाहतो, तर भूजलतज्ज्ञ त्यातल्या भेगा पाहतो.

पाणी: प्रकल्पाचा खरा कस

बहुतेक अहवालांत पाण्याचा ताळेबंद अर्ध्या पानात उरकलेला असतो. मी त्याला सर्वांत जास्त वेळ देतो, कारण रहिवाशांचे पुढचे तीस-चाळीस वर्षांचे सुखदुःख त्यात असते.

एका सदनिकेत पाच माणसे धरली तर ६०० सदनिकांत ३,००० माणसे होतात. दरडोई दररोज १३५ लिटरप्रमाणे ४,०५,००० लिटर, म्हणजे ४०५ केएलडी (दररोज हजार लिटर) पाणी लागेल. त्यापैकी पिण्या-वापरण्यासाठी दरडोई ९० लिटर ताजे पाणी, म्हणजे २७० केएलडी, आणि शौचालयाच्या फ्लशसाठी ४५ लिटर, म्हणजे १३५ केएलडी. ताजे २७० केएलडी येणार कुठून, हा पहिला प्रश्न. महानगरपालिकेचे हमीपत्र घेताना त्यात किती पाणी, कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या जलवाहिनीतून हे लिहिलेले आहे का, ते पाहावे. ‘उपलब्धतेनुसार पाणी दिले जाईल’ एवढेच लिहिले असेल, तर ती हमी नव्हे. दहा हजार लिटरच्या टँकरने हेच पाणी आणायचे तर रोज २७ फेऱ्या होतील. हा आकडा अहवालात स्पष्ट लिहावा, म्हणजे टप्प्याटप्प्याने ताबा देण्याचा निर्णय पाणीपुरवठ्याशी बांधला जाईल.

आता सांडपाणी. ताज्या पाण्याच्या ८० टक्के आणि फ्लशचे सगळे पाणी धरले, तर २१६ अधिक १३५, म्हणजे ३५१ केएलडी सांडपाणी तयार होते. त्यासाठी साधारण ४०० केएलडी क्षमतेचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, लागेल. इथे एक व्यावहारिक गोष्ट कधीच विसरू नये. पहिल्या दोन वर्षांत जेमतेम पाचवा हिस्सा सदनिकांत माणसे राहायला येतात आणि ४०० केएलडीच्या एसटीपीला ७० केएलडी सांडपाणी मिळते. जिवाणूंना पुरेसे अन्न मिळत नाही, प्रक्रिया बिघडते, दुर्गंधी सुटते, आणि मग कोणीतरी यंत्रणाच बंद करून ठेवते. म्हणून २०० केएलडीचे दोन स्वतंत्र संच करावेत, आणि पहिला संच तरी कमी भारावर चालेल असा निवडावा. एसटीपी तळघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोंडू नये. वरून मोकळी हवा, गाळ बाहेर काढायला गाडीचा रस्ता आणि पंप बदलायला जागा असावी. जो माणूस तो रोज चालवणार आहे, त्याला तिथे उभे राहता आले पाहिजे.

प्रक्रियेनंतर ९० टक्के पाणी परत मिळाले, तर ते सुमारे ३१६ केएलडी होते. फ्लशला १३५ आणि ४,००० चौरस मीटर बागेला प्रति चौरस मीटर ५ लिटरप्रमाणे २० केएलडी गेले, तरी रोज १६१ केएलडी उरते, आणि पावसाळ्यात बागेला पाणी लागत नसल्याने १८१. हे उरलेले पाणी कुठे जाणार? मलनिस्सारण वाहिनी असेल तर तिची क्षमता आणि जोडणीचा नकाशा जोडावा. नसेल, तर ते ओढ्यात जाणार हे उघड आहे, आणि मग त्याचा दर्जा ओढ्याच्या खालच्या गावाने विहिरीत उतरवून घ्यावा असा हवा. बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप, १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत आणणारी प्रक्रिया निवडावी आणि शेजारच्या बांधकामांना, रस्त्याच्या दुभाजकांना पाणी देण्याचे करार आधीच करावेत. फ्लशसाठी स्वतंत्र नळजोडणी आराखड्यातच दाखवावी, कारण ती नंतर भिंती फोडून करता येत नाही.

पावसाच्या पाण्याचे गणित वेगळे मांडावे. ताशी ६० मिलिमीटर पाऊस धरला, तर चार हेक्टरांवर तासाला २,४०० घनमीटर पाणी पडते. आज गवताळ जमिनीवर त्यातले सुमारे ३५ टक्के, म्हणजे ८४० घनमीटर वाहून जाते. काँक्रीट आणि फरशीनंतर ७० टक्के, म्हणजे १,६८० घनमीटर वाहील. तासाला ८४० घनमीटर जादा पाणी आपण ओढ्यात लोटणार आहोत, आणि वरच्या अंगाचे दहा प्रकल्प तेच करणार आहेत. ज्यांना २६ जुलै २००५ ची मुंबई आठवते, सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि तुंबलेली मिठी नदी आठवते, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. किमान एका तासाचे जादा पाणी थोपवून हळूहळू सोडणारी टाकी किंवा सखल मैदान आराखड्यात घ्यावे. मुलांचे खेळाचे मैदान दोन फूट खाली ठेवले, तर ते वर्षातील काही तास तळे होते आणि बाकी वर्षभर मैदान राहते.

भूजल पुनर्भरणासाठी मंजुरीत साधारणपणे दर ५,००० चौरस मीटर बांधकामाला एक पुनर्भरण बोअर अशी अट असते. आपल्या प्रकल्पात त्या हिशेबाने २२ येतात. दख्खनच्या बेसाल्ट कातळात मात्र संख्येला फारसा अर्थ नसतो. मुरूम आणि झिजलेल्या खडकाचा थर असेल तिथे पाणी पटकन मुरते. अखंड काळा पाषाण लागला की बोअर फक्त भरून राहते. प्रत्येक जागी पाणी मुरण्याची चाचणी घेऊन जागा ठरवाव्यात. तिथे फक्त छतावरचे पाणी, गाळणी आणि गाळ बसण्याची कुंडी यांमधून सोडावे. वाहनतळाचे तेलकट पाणी पुनर्भरणात कधीही नको. एकदा बिघडलेला जलधर, म्हणजे भूजल धरून ठेवणारा खडकाचा थर, सहजासहजी पुन्हा शुद्ध होत नाही.

आणि तळघर. भूजलपातळी पावसाळ्यानंतर तीन मीटरवर येत असेल, तर सात मीटरचे तळघर म्हणजे वर्षानुवर्षे पंपाने उपसा. शेजारच्या विहिरी आटतात, उपशाची वीज सोसायटी भरते. अशा वेळी एक तळघर कमी करून पोडियमवर वाहनतळ नेण्याचा पर्याय खर्चासह मांडावा. पर्यायांचे प्रकरण अहवालात बहुधा ओशाळवाणे असते. इथे ते खरे करता येते.

खोदाई, धूळ आणि आवाज

१२,००० चौरस मीटरवर सात मीटर खोदाई केली, तर जागेवरचे ८४,००० घनमीटर निघते. मोकळे झाल्यावर ते तीस टक्क्यांनी फुगते, म्हणजे १,०९,२०० घनमीटर. १४ घनमीटरच्या हायवाने (माती वाहणाऱ्या डंपरने) वाहून नेले, तर ७,८०० खेपा होतात. सहा महिन्यांत काम उरकायचे, तर रोज ४३ भरलेल्या गाड्या बाहेर पडतील आणि तितक्याच रिकाम्या परत येतील. हे गणित मांडल्याशिवाय ‘वाहतुकीवर किरकोळ परिणाम’ असे लिहिणे म्हणजे रस्त्यावरच्या शाळेतील मुलांकडे पाठ फिरवणे आहे. गाड्यांचे वेळापत्रक शाळेच्या वेळा टाळून करावे. चाके धुण्याचा हौद फाटकावर बांधावा आणि भरलेली गाडी ताडपत्रीने झाकूनच सोडावी. मातीचा भराव कुठे होणार, त्या जागेचा गट नंबर आणि मालकाचे संमतीपत्र जोडावे. हे न केल्यास ती माती रात्री एखाद्या ओढ्याच्या काठी टाकली जाते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

धूळ रोखण्याच्या उपायांसाठी मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे मुंबईबाहेरही नमुना म्हणून घेता येतात. त्यांत एक एकरपेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, हिरव्या कापडाचे आच्छादन, पाण्याची फवारणी आणि धुके-फवारणी यंत्रे यांचा समावेश होता. फवारणीला ताजे पाणी वापरू नये, प्रक्रिया केलेले पाणी टँकरने आणावे. खडक फोडण्याचे ब्रेकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवावेत. जनरेटरच्या धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा ०.२ गुणिले केव्हीएचे (जनरेटरच्या क्षमतेच्या आकड्याचे) वर्गमूळ इतके मीटर अधिक हवी. ५०० केव्हीएच्या जनरेटरला ती सुमारे साडेचार मीटर येते.

बांधकाम मजुरांची वस्ती हा अहवालातला सर्वांत दुर्लक्षित परिच्छेद आहे. दोनशे-तीनशे माणसे दोन-तीन वर्षे राहतात. त्यांच्यासाठी शौचालये, पिण्याचे पाणी, लहान मुलांसाठी पाळणाघर आणि डासांचा बंदोबस्त हे सगळे खर्चाच्या तक्त्यात रकमेसह लिहिलेले असावे.

झाडे, माती, कचरा, ऊर्जा

प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर, अंदाजे वय आणि नकाशावरची जागा द्यावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. तोडीची यादी करण्याआधी इमारत पाच मीटर सरकवून किती झाडे वाचतात ते पाहावे. मोठा वड किंवा उंबर स्थलांतरित करून जगेल, हे गृहीत धरू नये. दर ८० चौरस मीटर जमिनीला एक झाड या प्रमाणाने आपल्या भूखंडावर किमान ५०० झाडे हवीत, आणि ती जमिनीत हवीत, तळघराच्या स्लॅबवरील कुंडीत नव्हेत. करंज, कदंब, बहावा, ताम्हण, कडुनिंब, उंबर ही आपली झाडे निवडावीत. वरची २० सेंटिमीटर सुपीक माती खोदाईआधी काढून, झाकून, एका बाजूला राखून ठेवावी. तिच्यातच ही झाडे वाढणार आहेत.

दरडोई अर्धा किलो कचरा धरला तर रोज दीड टन कचरा होतो, त्यात ओला सुमारे ९०० किलो. त्याच्या खतासाठी जागा, वीज आणि माणूस यांची तरतूद हवी, आणि यंत्राची जागा इमारतीच्या खिडक्यांपासून दूर. बांधकामाच्या राडारोड्यासाठी १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू आहेत. २०,००० चौरस मीटर व त्यावरील प्रकल्पांवर उत्पादकाची, म्हणजे राडारोडा निर्माण करणाऱ्याची, जबाबदारी त्यांनी टाकली आहे. ऊर्जेसाठी इको निवास संहितेतील, म्हणजे निवासी इमारतींच्या ऊर्जा-बचत संहितेतील, ‘आरईटीव्ही’ हा भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत ठेवावा. पश्चिमेकडच्या खिडक्यांना सज्जे दिले की त्यात बराच फरक पडतो.

अर्ज, समिती आणि खर्चाचा तक्ता

अर्ज ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करायचा असतो आणि अहवाल राष्ट्रीय मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेने केलेला असावा लागतो. राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती प्रकरण तपासून शिफारस करते आणि राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण निर्णय देते. अधिसूचनेप्रमाणे यासाठी अनुक्रमे ६० आणि ४५ दिवस आहेत. हा कालावधी परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजला जातो. त्रुटींच्या पत्रव्यवहारात जाणारा वेळ अर्जदाराच्याच हाती असतो.

सादरीकरणात विकासकाने स्वतः बसावे. समितीचे प्रश्न बहुधा याच गोष्टींवर येतात: जादा पाणी कुठे जाते, पावसाळी गटाराचे अंतिम टोक कुठे आहे, अग्निशमन गाडी सर्व बाजूंनी फिरते का, मोकळी जागा खरोखर जमिनीवर आहे का. उत्तर ‘तरतूद केली जाईल’ असे असेल तर ते उत्तर नव्हे. नकाशाचा क्रमांक आणि क्षमता सांगता आली पाहिजे.

पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक उपायापुढे भांडवली खर्च, वार्षिक खर्च, जबाबदार व्यक्तीचे पद आणि तपासणीची वारंवारता लिहावी. वार्षिक खर्चाला ६०० ने भागून प्रत्येक सदनिकेला महिन्याला किती पडेल, हाही एक रकाना मी नेहमी जोडतो. कोणत्याही नियमात तो मागितलेला नाही, पण तो लिहिला की महागडी यंत्रणा सुचवण्याआधी सगळेच दोनदा विचार करतात.

मंजुरी हातात आल्यावर

मंजुरी मिळाल्यापासून सात दिवसांत किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतील एक स्थानिक भाषेत, जाहिरात द्यावी लागते. ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कोणीही बाधित व्यक्ती अपील करू शकते. त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. पर्यावरण मंजुरी ही सुरुवात करण्याची एकमेव परवानगी नव्हे. जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्थापना संमतिपत्र वेगळे घ्यावे लागते. इमारत प्रकल्पाच्या मंजुरीची मुदत २०२२ च्या सुधारणेपासून दहा वर्षांची आहे. या काळात एक मजला वाढला किंवा नकाशात इमारत हलली, तरी सुधारित मंजुरीची गरज आहे का, हे आधी तपासावे.

अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो कार्यालयात बसून मागच्या अहवालाची नक्कल करून भरला जाऊ नये, यासाठी मोजणीची केंद्रे मूळ नोंदीत होती तीच ठेवावीत आणि त्याच विहिरींची पातळी त्याच महिन्यांत मोजावी. तीन वर्षांनी हे आकडे शेजारी मांडले, की ओढ्याचे आणि विहिरींचे काय झाले ते कोणालाही वाचता येते.

सोसायटी स्थापन होऊन ताबा देताना, मंजुरीचे पत्र, अटींची यादी, एसटीपीचा जसा बांधला तसा नकाशा, त्याचे गेल्या बारा महिन्यांचे पाणी-तपासणी अहवाल, पुनर्भरण बोअरच्या जागा व चाचण्या, झाडांची क्रमांकवार यादी, जादा पाण्याचे करार आणि यंत्रांच्या देखभालीचे ठेके हे सर्व एका फायलीत, मराठीतील दोन पानी सारांशासह, व्यवस्थापन समितीच्या हाती सही घेऊन द्यावे. एसटीपी चालवणाऱ्या माणसाला सोसायटीने नेमलेल्या माणसासोबत किमान तीन महिने, त्यात एक पावसाळ्याचा महिना धरून, काम करू द्यावे, आणि ते तीन महिने पूर्ण होईपर्यंत विकासकाने त्याचा पगार देणे सुरू ठेवावे.